पाळीआधीचे दिवस : प्रश्नावली मराठीत आणताना

पाळी येण्याआधीची चिडचिड, जडपणा, रडू येणं यांतून बायका कशा निभावून नेतात हे मोजणारी प्रश्नावली सिडनीच्या रीड, पर्झ आणि अशर या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. विधानं ३२, गट पाच : कुणाला दुखावणं टाळणं, बदल ओळखून स्वीकारणं, शक्ती बघून काम करणं, स्वतःची काळजी घेणं आणि बोलून मोकळं होणं. ती रामटेक तालुक्यात वापरायची म्हटली, तर आधी काही गैरसमज दूर करावे लागतील; पुढचा प्रत्येक परिच्छेद अशाच एका गैरसमजानं सुरू होतो.

हा त्रास म्हणजे पाळीतली पोटदुखीच. नव्हे. तो आधीच्या आठवड्या-दोन आठवड्यांतला; पाळी सुरू झाली की काही दिवसांत ओसरतो. ‘पाळीच्या वेळी’ असं मोघम विचारलं, तर बाई कळांबद्दलच सांगणार.

अनुवादाला चांगलं इंग्रजी येणारा एक माणूस बसवला की झालं. रूढ पद्धतीत दोघं वेगवेगळा अनुवाद करतात, त्यांचा मेळ घातला जातो, मूळ न पाहिलेले लोक तो परत इंग्रजीत नेतात, जाणकार तपासतात आणि मग तीस-चाळीस जणींवर चाचणी होते. ‘चिडचिड होऊन राहिली’ म्हणणारीपुढे ‘भावनिक अस्थैर्य’ ठेवलं, तर ते या चाचणीत पकडलं जातं.

परत इंग्रजीत नेल्यावर जुळलं, म्हणजे बरोबर. इथेच खरी गोम आहे. ‘मी एकटी राहते’ असं एखादं विधान घ्या. शब्द हुबेहूब जुळतील. पण सिडनीत ती स्वतःहून घेतलेली उसंत असते. गडचिरोलीच्या माडिया गावांत पाळीत बाईला कुर्माघरात, म्हणजे पाळीसाठीच्या वेगळ्या झोपडीत, राहावं लागतं, आणि ‘बाहेर बसणं’ इतरत्रही संपलेलं नाही. शिवाय ते बसणं पाळी आल्यावरचं. आधीच्या दमवणाऱ्या दिवसांत पाणी, स्वयंपाक, शेत काहीच सुटत नाही. रामटेक तालुक्यातल्या देवलापारकडच्या बाईनं ‘हो’ म्हटलं, तर ती बसली की तिला बसवलं? म्हणून उत्तर मिळालं तरी पुढे विचारायचं, ‘हे ऐकून तुमच्या मनात काय आलं?’ माझ्या मते साऱ्या खटाटोपातला हाच टप्पा मोलाचा.

गुणांवरून आजार कळतो. ही प्रश्नावली निदान करत नाही. या त्रासाच्या ‘पीएमडीडी’ या तीव्र प्रकाराच्या निदानाला किमान दोन पाळीचक्रांची रोजची नोंद लागते.

वाचून दाखवलं काय, तिनं भरलं काय, सारखंच. पण वाचून दाखवलं की शेजारचेही ऐकतात; सासू शेजारी बसली असताना ‘नवऱ्याशी बोलते’सारख्या विधानाला मिळालेलं उत्तर सरळ बाजूला ठेवावं.