नव्या पॉइंटमागची तार

1980च्या दशकात बांधलेल्या मुंबई-पुण्यातल्या अनेक फ्लॅटांत बेडरूमला एकच बोर्ड असे. दाराजवळ, दिव्या-पंख्याच्या बटणांशेजारी एक लहान सॉकेट. त्यात लागायचे काय, तर रेडिओ नाहीतर इस्त्री. आज त्याच खोलीत दोन मोबाइल, लॅपटॉप, राउटर आणि डासांचे मशीन असते. एक्स्टेन्शन बोर्ड पलंगाखालून सरकत दुसऱ्या भिंतीपर्यंत जातो आणि शेवटी घरात ठरते, की वायरमनला बोलावून एक पॉइंट काढून घेऊ.

काम दिसायला सोपे. जुन्या बोर्डातून लूप मारायचा, केसिंग-पट्टी भिंतीवरून न्यायची, नवा डबा बसवायचा. सॉकेट कोणत्या कंपनीचे घ्यायचे यावर घरात चर्चा होते. जुन्या बोर्डापर्यंत आलेली तार कितीची आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

हिशेब अवघड नाही. आपल्याकडे घरात 230 व्होल्ट येतात, म्हणून उपकरणावरचे वॉट 230 ने भागले की साधारण अँपिअर मिळतात. 20 वॉटचा मोबाइल चार्जर एक दशांश अँपिअरही घेत नाही. 1000 वॉटची इस्त्री 4.3 अँपिअर घेते, तर 2000 वॉटचा गीझर 8.7. लहान सॉकेट 6 अँपिअरचे, मोठे 16 चे. गीझर किंवा हीटरच्या जाड पिनांच्या प्लगला बाजारात मिळणारा कन्व्हर्टर लावून तो लहान सॉकेटमध्ये खुपसला, की हे गणित तिथेच मोडते.

जेम्स जूलने 1841 मध्ये मांडलेला नियम इथे थेट लागू होतो: तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. तारेची जाडीही तितकीच महत्त्वाची. 1 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे 18 ओहम असतो, 2.5 च्या तारेचा साडेसातच्या आत. त्याच प्रवाहाला बारीक तार जवळजवळ अडीचपट तापते. नेहमीच्या पीव्हीसी वेष्टनाची मर्यादा 70 अंश सेल्सिअस. त्यापुढे ते लवकर म्हातारे होते, कडक पडते, तडकते. आणि हे सगळे प्लास्टरच्या आत, कोणाला न दिसता.

‘एमसीबी आहे ना, ट्रिप होईल,’ असे अशा वेळी हमखास ऐकू येते. 16 अँपिअरचा एमसीबी 16.1 ला पडत नाही. मानकाप्रमाणे त्याने 1.13 पट प्रवाहाला, म्हणजे 18 अँपिअरला, तासभर टिकून राहायचे असते आणि 1.45 पटीला, म्हणजे 23 च्या आसपास, तासाभरात पडायचे असते. शॉर्टसर्किट झाले तर तो क्षणात तोडतो, पण थोड्या जादा भाराला त्याची आतली द्विधातूची पट्टी सावकाश वाकते. तार त्याच्या तोलाची असेल तरच हा वेळ परवडतो. भिंतीत 1 ची तार आणि डोक्यावर 16 चा एमसीबी असेल, तर तारेला राखणदार नाही असेच समजावे.

यापेक्षाही फसवे दुखणे म्हणजे सैल सांधा. लूप मारताना जुन्या सॉकेटच्या एकाच स्क्रूखाली दोन-तीन तारा कोंबल्या जातात. जाड तार घट्ट बसते, बारीक हलत राहते. त्या जागी अर्धा ओहम रोध तयार झाला आणि त्यातून गीझरचे 8.7 अँपिअर गेले, तर तिथे सुमारे 38 वॉट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंग आयर्न बऱ्याचदा 25 वॉटचे असते! एमसीबीला यातले काही कळत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. कळते ते माणसाला, तेही लक्ष असेल तर: सॉकेटच्या एका भोकाभोवती पिवळट-तपकिरी डाग, प्लग काढताना पिन बोटाला चटका देणारी, बोर्डाजवळ जळक्या माशासारखा वास. जुन्या इमारतीत ॲल्युमिनियमची तार असेल आणि तिला तांब्याची नुसती पिळून जोडली असेल, तर सांधा आणखी लवकर बिघडतो. ॲल्युमिनियमवर वीज न वाहणारा ऑक्साइडचा थर धरतो आणि गरम-गार होताना दोन्ही धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण-आकुंचन पावतात.

इंटरनेटवरचे ब्रिटिश व्हिडिओ पाहून शेजारच्या सॉकेटमधून फाटा काढणे तर मुळीच नको. तिथे 1947 च्या मानकापासून प्रत्येक प्लगमध्ये स्वतंत्र फ्यूज आला, आणि सॉकेटची तार फ्यूजबोर्डातून निघून, घरभर फिरून परत तिथेच येते. आपण मात्र गोल पिनांची त्याआधीची पद्धत चालू ठेवली. आपल्या प्लगात फ्यूज नसतो.

म्हणून गीझर, एसी, इंडक्शन शेगडी यांचा पॉइंट मुख्य बोर्डातूनच यावा, स्वतंत्र तारेने आणि स्वतंत्र एमसीबीवर. फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा, ही तडजोडही करू देऊ नये. जाणारा-येणारा प्रवाह ताडून पाहणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी त्यामुळे विनाकारण पडू लागतो, आणि मग घरात ‘तो खराब आहे’ म्हणून तोच काढला जातो. माणसाचा जीव वाचवणारे उपकरण असे घराबाहेर जाते, हे फार वाईट. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार बल्ब, फ्यूज किंवा बटण बदलणे वेगळे आणि वायरिंगमध्ये भर घालणे वेगळे. भर घालण्याचे काम परवानाधारक कंत्राटदाराचे आहे.

काम झाल्यावर टेस्टरचा दिवा पेटला, एवढ्यावर थांबू नये. मीटर लावून फेज आणि अर्थिंगमध्येही 230 च्या आसपास व्होल्ट येतात का ते बघायला सांगावे. अर्थिंगची हिरवी तार नुसतीच डब्यात सोडून दिली असेल तर ते तिथे उघड होते. कन्सिल्ड काम असेल, तर झिरी बुजवण्याआधी टेप धरून तिचा फोटो काढावा, जमिनीपासून किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर पाइप गेला आहे ते दिसेल असा. पुढे त्याच भिंतीत खिळा ठोकायचा की नाही, हे त्या फोटोवरून ठरवता येईल.