पॉइंट-टू-पॉइंट जोडणीतील पीअर पत्ता

पीअर पत्ता म्हणजे ज्या जोडणीला दोनच टोके असतात, अशा जोडणीच्या समोरच्या टोकावरील यंत्राचा आयपी पत्ता होय. अशा जोडणीला पॉइंट-टू-पॉइंट जोडणी म्हणतात. डायल-अप, पीपीपीओई पद्धतीचे ब्रॉडबँड, दोन कार्यालयांमधील भाड्याची तार आणि व्हीपीएन बोगदा ही तिची परिचित उदाहरणे आहेत. राउटरवर चालणाऱ्या मार्गनिर्देशन प्रणालीने स्वतःचा पत्ता आणि पीअर पत्ता यांत अचूक भेद करणे आवश्यक असते. तो भेद चुकल्यास तार शाबूत असूनही शेजारी राउटर ‘अनोळखी’ ठरतो आणि जोडणीपलीकडील सर्व जाळे संपर्काबाहेर जाते.

‘पीअर’ हा शब्द संगणक जाळ्यांत आणखी एका अर्थाने वापरला जातो. बीजीपी या प्रोटोकॉलमध्ये ज्याच्याशी मार्गांची देवाणघेवाण होते, त्या राउटरलाही पीअर म्हणतात. प्रस्तुत लेखातील पीअर पत्ता हा जोडणीच्या दुसऱ्या टोकाचा पत्ता आहे.

पार्श्वभूमी

इथरनेटसारख्या सामायिक जाळ्यात अनेक यंत्रे एकाच माध्यमावर असतात. त्यांच्या पत्त्यांचा आरंभीचा भाग (उपसर्ग) समान असतो. उपसर्ग जुळला की ते यंत्र ‘आपल्याच जाळ्यातले’ असे राउटर मानतो. पॉइंट-टू-पॉइंट जोडणीत ही अट राहत नाही. तारेत सोडलेले प्रत्येक पाकीट दुसऱ्या टोकालाच पोहोचणार असल्याने दोन्ही पत्त्यांत काहीही साम्य नसले तरी चालते.

नवी मुंबईतील शिरवणे येथे हा फरक घरांच्या पत्त्यांवरून समजून घेता येतो. शिरवणे हे नेरूळ व जुईनगर यांलगतचे जुने गाव आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने आखलेल्या वसाहतींत घराचा पत्ता सेक्टर व भूखंड क्रमांकाने सांगितला जातो; सेक्टर एकच असेल तर घरे जवळची हे क्रमांकावरूनच कळते. गावठाणात मात्र ‘अमक्यांच्या दारासमोरचे घर’ ही खूण पुरेशी ठरते. तेथे क्रमांकांत साम्य असण्याची गरज नसते, समोर कोण राहते हे ठाऊक असावे लागते. पहिली रीत सामायिक जाळ्याची, तर दुसरी पीअर पत्त्याची आहे.

पत्ते देण्याच्या पद्धती

पॉइंट-टू-पॉइंट जोडणीला पत्ते देण्याच्या प्रमुख पद्धती चार आहेत.

* /३० उपजाळे : चार पत्त्यांचा गट जोडणीस दिला जातो. त्यांतील पहिला जाळ्याचा व शेवटचा प्रसारणाचा असल्याने वापरण्यास दोनच उरतात.
* /३१ उपजाळे : दोनच पत्त्यांचा गट असतो आणि दोन्ही वापरले जातात. डिसेंबर २००० मधील आरएफसी ३०२१ या दस्तऐवजाने ही पद्धत मांडली. आयपीव्ही६ साठी तिला समांतर असणारी /१२७ पद्धत २०११ च्या आरएफसी ६१६४ मध्ये दिली आहे.
* स्वतंत्र पीअर पत्ता : दोन्ही टोकांना परस्परांशी संबंध नसलेले पत्ते असतात. प्रत्येक टोक स्वतःचा पत्ता आणि समोरचा पत्ता अशी जोडी नोंदवते.
* क्रमांकविरहित जोडणी : जोडणीला स्वतःचा वेगळा पत्ता दिला जात नाही, राउटरचा अन्य एखादा पत्ता उसना घेतला जातो.

२५६ पत्त्यांच्या एका /२४ गटातून /३० पद्धतीने ६४ जोडण्या होतात, तर /३१ पद्धतीने १२८ होतात. हा हिशेब किरकोळ नाही. आशिया-प्रशांत विभागाला आयपीव्ही४ पत्ते देणाऱ्या एपनिक या संस्थेचा साठा एप्रिल २०११ मध्ये अखेरच्या /८ गटावर येऊन ठेपला. तेव्हापासून नव्या सेवादात्यांना मोजकेच पत्ते मिळतात. हजारो ग्राहक असलेल्या सेवादात्याने प्रत्येक जोडणीमागे चार पत्ते खर्च करणे परवडणारे नसते. अशा वेळी स्वतंत्र पीअर पत्त्याची पद्धत उपयोगी पडते. सेवादात्याच्या यंत्रावर सर्व ग्राहक-जोडण्यांसाठी एकच स्थानिक पत्ता ठेवला जातो आणि प्रत्येक जोडणीचा पीअर पत्ता तेवढा वेगळा असतो.

कर्नलमधील नोंद

लिनक्स कर्नल प्रत्येक पत्त्याच्या नोंदीत दोन रकाने ठेवते : ‘स्थानिक’ आणि ‘पत्ता’. साध्या जोडणीत दोन्ही रकान्यांत एकच मूल्य असते. पीअर पत्ता दिला असल्यास ‘स्थानिक’ रकान्यात स्वतःचा आणि ‘पत्ता’ या रकान्यात समोरच्याचा पत्ता येतो. उपसर्गाची लांबीही मग पीअर पत्त्याला लागू होते, आणि थेट जोडलेला मार्ग कर्नल पीअर पत्त्यावरूनच तयार करते.

उदाहरणादाखल १९२.०.२.० या गटातील पत्ते घेता येतील; हा गट लेखनातील उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे. शिरवणे येथील एका कल्पित कार्यालयाच्या राउटरचा पत्ता १९२.०.२.१ आणि महापे येथील राउटरचा १९२.०.२.७७/३२ आहे, असे मानू. शिरवण्याच्या राउटरवर थेट मार्ग १९२.०.२.७७ कडे जाणारा असला पाहिजे. प्रणालीने /३२ हा उपसर्ग चुकून स्वतःच्या पत्त्याला लावला, तर तिला त्या जोडणीवर स्वतःखेरीज कोणीच दिसणार नाही.

प्रणाली-ग्रंथालयांतील रचनेमुळे गोंधळात भर पडते. जोडण्यांची यादी देणाऱ्या सर्वपरिचित फंक्शनच्या उत्तरात प्रसारणाचा पत्ता आणि समोरच्या टोकाचा पत्ता यांसाठी एकच सामायिक जागा असते. तेथील मूल्याचा अर्थ जोडणीवरील खुणेवरून ठरवावा लागतो. खूण न पाहता मूल्य वाचणारी प्रणाली समोरच्या राउटरचा पत्ता प्रसारणाचा पत्ता समजू शकते.

मार्गनिर्देशन प्रणालींमधील हाताळणी

मुक्त स्रोत मार्गनिर्देशन प्रणालींत झेब्रा हे जुने नाव आहे. कुनिहिरो इशिगुरो यांनी १९९६ मध्ये तिचा आरंभ केला. तिच्यापासून पुढे क्वागा ही प्रणाली निघाली. नामशेष झालेल्या झेब्र्याच्या एका उपजातीवरून तिचे नाव ठेवले आहे. क्वागापासून निघालेली एफआरआर ही शाखा २०१७ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. बर्ड ही वेगळी प्रणाली प्राग येथील चार्ल्स विद्यापीठात विद्यार्थी-प्रकल्प म्हणून सुरू झाली.

या प्रणालींपुढील मूळ प्रश्न एकच आहे : पीअर पत्ता आहे की नाही, हे जोडणीच्या प्रकारावरून ठरवावे की पत्त्याच्या नोंदीवरून? पॉइंट-टू-पॉइंट जोडणीवर साधे /३० वा /३१ उपजाळेही असू शकते, आणि लिनक्समध्ये इथरनेट जोडणीलाही पीअर पत्ता देता येतो. म्हणून जोडणीचा प्रकार पाहून काढलेला निष्कर्ष दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. क्वागा व एफआरआर यांत यासाठी प्रत्येक पत्त्याच्या नोंदीवर ‘पीअर’ अशी वेगळी खूण ठेवली जाते. ती असल्यास उपसर्ग समोरच्या पत्त्यावरून, नसल्यास स्वतःच्या पत्त्यावरून काढला जातो. बर्डमध्येही अशी खूण असून शिवाय समोरच्या टोकाच्या पत्त्यासाठी स्वतंत्र जागा आहे.

दुसरी दक्षता नोंदींच्या तुलनेत घ्यावी लागते. अनेक जोडण्यांवर एकच स्थानिक पत्ता असतो तेव्हा केवळ त्यावरून जोडणी ओळखता येत नाही. स्थानिक व पीअर या दोन्ही पत्त्यांची जोडी तपासली नाही, तर एका ग्राहकाची जोडणी तुटल्यावर दुसऱ्याचीच नोंद पुसली जाण्याचा धोका राहतो.

प्रोटोकॉलनिहाय परिणाम

*ओएसपीएफ :* १९९८ च्या आरएफसी २३२८ नुसार या प्रोटोकॉलमध्ये पॉइंट-टू-पॉइंट जोडणीवर मुख्य राउटरची निवड होत नाही आणि अभिवादन-संदेशातील जाळ्याचा मुखवटा तपासला जात नाही. जोडणीच्या पत्त्यांची घोषणा दोन प्रकारे करता येते. शेजाऱ्याचा पत्ता ठाऊक असल्यास राउटर त्या एकाच पत्त्याचा मार्ग जाहीर करतो. जोडणीला उपजाळे दिलेले असल्यास ते संपूर्ण उपजाळे जाहीर करतो. पहिल्या प्रकारात प्रत्येक टोक स्वतःचा नव्हे, तर समोरच्याचा पत्ता इतरांना कळवते.

*आरआयपी :* या प्रोटोकॉलमध्ये थेट जोडलेल्या शेजाऱ्याकडून आलेली माहितीच स्वीकारायची असते. पीअर पत्त्याची दखल न घेणारी प्रणाली खऱ्या शेजाऱ्याची माहितीही परकी म्हणून टाकून देते.

*बीजीपी :* दोन स्वायत्त जाळ्यांमधील बाह्य बीजीपीत शेजारी थेट जोडलेला असणे सामान्यतः अपेक्षित असते. पीअर पत्ता थेट जोडलेला म्हणून नोंदला गेला नाही, तर उभय राउटरांत संवादच सुरू होत नाही.

महाराष्ट्रातील वापर

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. आरंभीच्या शहरांत मुंबई होती. दूरध्वनीच्या तारेवरून होणारी ही जोडणी पॉइंट-टू-पॉइंट स्वरूपाचीच होती. पीपीपी या प्रोटोकॉलचे मानक जुलै १९९४ मध्ये आरएफसी १६६१ या दस्तऐवजाने निश्चित झाले होते. पीपीपीमध्ये जोडणी जुळताना दोन्ही टोके आपापले पत्ते परस्परांना कळवतात. १९९९ मध्ये वर्णिलेल्या पीपीपीओईने हीच पद्धत इथरनेटवर आणली, आणि नाव व संकेतशब्द देऊन जोडल्या जाणाऱ्या घरगुती ब्रॉडबँडमध्ये ती रूढ झाली.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील महापे, रबाळे, ऐरोली या भागांत आज मोठी विदा केंद्रे आहेत. याउलट २००३ मध्ये स्थापन झालेल्या निक्सी या संस्थेच्या मुंबईतील विनिमय केंद्रात अनेक सेवादाते एकाच सामायिक जाळ्यावर भेटतात. तेथे समान उपसर्गाची रीत चालते. त्यामुळे एकाच सेवादात्याच्या राउटरला ग्राहकांच्या बाजूने पीअर पत्ते आणि विनिमय केंद्राच्या बाजूने सामायिक उपजाळे, असे दोन्ही प्रकार एकाच वेळी सांभाळावे लागतात.

दोषाची लक्षणे

पीअर पत्त्याच्या चुकीच्या हाताळणीचे ठळक लक्षण म्हणजे समोरच्या राउटरला पाठवलेल्या चाचणी-पाकिटाचे उत्तर येते, पण मार्गांची देवाणघेवाण होत नाही. अशा वेळी कर्नलची पत्त्यांची यादी आणि मार्गनिर्देशन प्रणालीची यादी शेजारी ठेवून पाहतात. लिनक्सच्या यादीत दोन पत्त्यांच्या मध्ये ‘पीअर’ हा शब्द छापलेला असतो. प्रणालीच्या यादीतही तोच समोरचा पत्ता थेट जोडलेला म्हणून दिसत असेल, तर दोष अन्यत्र आहे. दिसत नसेल, तर दोष पत्त्याच्या अर्थ लावण्यात आहे.

हेही पाहा

* आयपी पत्ता
* राउटर
* आयपीव्ही६
* नवी मुंबई