किमचं दुकान आणि पेडण्यातला पसरो

‘किम्स कन्व्हिनियन्स’ ही मालिका आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत कधी ना कधी पाहिली गेली असणार. टोरांटोतलं एक छोटं दुकान, ते चालवणारे कोरियन नवरा-बायको आणि त्यांची दोन मोठी झालेली मुलं, एवढाच संसार. सीबीसी वाहिनीवर ऑक्टोबर २०१६ मध्ये ती सुरू झाली, पाच सीझन आणि ६५ भाग होऊन एप्रिल २०२१ मध्ये संपली आणि नेटफ्लिक्समुळे जगभर पोचली. तिच्यावर लिहावंसं वाटण्याचं माझं कारण थोडं घरगुती आहे. मालिकेतल्या दुकानदाराला त्याची मुलं ‘आप्पा’ म्हणतात, कारण कोरियन भाषेत वडिलांना तसंच म्हणतात. मीही माझ्या वडिलांना आप्पाच म्हणतो. आणि तेही गेली ४३ वर्षं दुकानच चालवतात, गोव्यातल्या पेडणे तालुक्यात.

आमच्याकडे किराणा दुकानाला कोणी किराणा दुकान म्हणत नाही. तो पसरो. तांदूळ, गूळ, खोबरेल, काडेपेटी, शाळेच्या वह्या, उदबत्ती, विडीकाडी, चतुर्थीच्या आधी रंगीत कागद आणि पावसाच्या आधी प्लास्टिकचे ताव. समोर एक लाकडी बाकडं, आणि त्या बाकड्यावर गावाची संसद. आमचा पसरो आजोबांनी सुरू केला तो गोवा मुक्त झाल्यानंतर दोन-तीन वर्षांनी. माल म्हापशाहून यायचा, शुक्रवारच्या बाजाराला आजोबा पहाटेच निघायचे. गिऱ्हाइकाशी बोलणं सगळं कोंकणीत, पण वही मराठीत. आजोबांची अक्षरं तर मोडीत असायची, ती आप्पांनाही सगळी लागत नाहीत. बोलायचं कोंकणीत आणि लिहायचं मराठीत हा पेडणे, डिचोली, सत्तरी या भागाचा जुना रिवाज. हे तालुके पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकाच्या शेवटी आले, पेडणे तर १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून. त्यामुळे इथली देवळं, भजनं, दशावतार आणि उधारीची वही मराठीतच राहिली. गोव्याबाहेरच्या मराठी माणसाला हे सांगितलं की तो अजूनही चकित होतो.

आता मालिकेकडे. मुळात ते नाटक होतं. लेखक इन्स चोई हा टोरांटोत वाढलेला कोरियन. २०११ मध्ये टोरांटोच्या फ्रिंज महोत्सवात त्याने ते बसवलं आणि मुलाची, म्हणजे जंगची भूमिका स्वतः केली. पुढच्या वर्षी सोलपेपर या नामांकित नाट्यसंस्थेने ते उचललं. आप्पा झालेले पॉल सन-ह्युंग ली आणि उम्मा, म्हणजे आई झालेली जीन यून, दोघंही रंगभूमीवरून तशीच मालिकेत आली. नाटकाच्या खुणा मालिकेत जागोजाग दिसतात. एकच दुकान, एकच काउंटर, दार उघडतं, माणूस येतो, बोलतो, जातो. दशावतारात जसं एका बाकड्यावर राजाचा दरबारही होतो आणि अरण्यही, तसं त्या काउंटरवर सगळं घडतं. मला विचाराल तर दुकानाइतकं सोयीचं नाटकाचं नेपथ्य दुसरं नाही. घरात परका माणूस यायला कारण लागतं. दुकानात साबण पुरतो.

किम हा कोरियात शिक्षक होता. कॅनडात येऊन त्याने दुकान टाकलं. ही गोष्ट मालिकेत फार उगाळलेली नाही, पण ती कळली की त्याचं गिऱ्हाइकाला सतत काहीतरी शिकवत राहणं वेगळं दिसायला लागतं. हा माणूस दूध विकता विकता व्याख्यान देतो. हट्टी आहे, कंजूष आहे आणि पूर्वग्रहांचं पोतं आहे. कोरियावर १९१० ते १९४५ जपानची सत्ता होती, म्हणून दुकानाबाहेर नियम मोडून उभ्या राहिलेल्या जपानी गाड्यांवर याचा विशेष राग. नाटकात तर कोण चोरी करणार हे माणसाचा रंग आणि कपडे पाहून ओळखता येतं, असा धडाच तो मुलीला देतो. स्वतः बाहेरून आलेला, बोलण्याच्या ढबीवरून हसू होणारा माणूस दुसऱ्या बाहेरच्याला लगेच खणात टाकतो. लेखकाने हे लपवलं नाही, आणि म्हणून तो आप्पा खरा वाटतो. अमेरिकन ‘सिम्पसन्स’मधला अपू आठवून पाहा. तोही दुकानदार, पण वर्षानुवर्षं त्याचं काम एवढंच, की लोकांनी त्याच्या उच्चाराला हसावं. त्याला आवाज देणारे हँक अझारिया गोरे, आणि बरीच टीका झाल्यावर २०२० मध्ये त्यांनी ते काम सोडलं. किमच्या उच्चारालाही आपण हसतो, पण हसून झाल्यावर माणूस शिल्लक राहतो.

एक गोष्ट मात्र मला शेवटपर्यंत खटकली. नवरा-बायको दोघंच दुकानात असली तरी इंग्रजीत बोलतात, तेही मोडक्या. कुठली आई-वडील एकटी असताना परक्या भाषेत भांडतील? प्रेक्षकांची सोय म्हणून हे केलं हे उघड आहे. पण आमच्या पसऱ्यावर बसलेल्या कोणालाही पहिल्या पाच मिनिटांत ही लबाडी कळली असती. मालिका संपल्यावर, २०२१ च्या जूनमध्ये, सिमू लिऊ आणि जीन यून या कलाकारांनी जाहीरपणे सांगितलं की लिहिणाऱ्यांच्या खोलीत कोरियन माणसं फारच कमी होती. शेवटच्या सीझनमधला ढिलेपणा मला तेव्हा उमगला.

दुकान म्हणून पाहिलं तर दोन्हींत फरक मोठा. किमच्या दुकानात सिगारेट, लॉटरीची तिकिटं, वेफर्स, दूध. गिऱ्हाईक दोन मिनिटांचं. (जाता जाता, ओंटारिओत अशा दुकानांना बिअर आणि वाइन विकायला परवानगी मिळाली ती थेट सप्टेंबर २०२४ मध्ये. माझ्या ऑफिसात त्या आठवड्यात केवढी चर्चा! गोव्याच्या माणसाने त्या चर्चेत काय भाग घ्यायचा?) आमच्याकडचं गिऱ्हाईक दोन मिनिटांचं नसतं, दोन पिढ्यांचं असतं, आणि त्याला बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे उधारी. पगार झाला की देतो, काजू विकले की देतो, मुलगा बोटीवरून आला की देतो. आप्पांच्या वहीत तालुक्याचा हंगाम दिसतो. जून-जुलैत पानं भरतात, काजूच्या दिवसांत रिकामी होतात.

उधारीचं दुसरं रूप मी डिचोलीला पाहिलं. माझ्या मामाचा पसरो डिचोली तालुक्यात खाणीच्या रस्त्यावर. शिरगाव, पिळगाव, लामगाव हा सगळा पट्टा खनिजाचा. ट्रक खनिज घेऊन सारमानसच्या धक्क्यापर्यंत जायचे, तिथून बार्जेसमधून मांडवीतून पुढे. ट्रकवाले, त्यांचे क्लीनर, टायरवाले, गॅरेजवाले, सगळ्यांचा चहा-बिस्किट-विडीचा हिशेब मामाच्या वहीत, महिन्याच्या महिन्याला चुकता. दुकानातल्या डब्यांवर लाल धूळ बसलेली असायची आणि मामी म्हणायची, ही धूळ आहे तोवर आपण आहोत. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. बेकायदा उत्खनन झालं होतं, नाही असं कोणीच म्हणत नाही. पण वहीतली माणसं काही खाणमालक नव्हती. ट्रकचे हप्ते थकले, तेव्हा मामाचे पैसे कुठून येणार? मधे थोडं सुरू झालं, मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद. मामाने कोणाच्या दारात जाऊन पैसे मागितले नाहीत. त्याने फक्त माल आणणं कमी केलं. आधी महागडी बिस्किटं गेली, मग साबणाचे दोन-तीन प्रकार गेले, मग एक दिवस फळीच काढली. आता काही खाणी पुन्हा चालू झाल्यात, पण मामाचं दुकान नाही. मामी शिलाई करते. ती वही अजून कपाटात आहे.

म्हणून मालिकेतला माझा सगळ्यात आवडता धागा विनोदाचा नाहीच. ‘दुकान पुढे कोण चालवणार?’ हा तो धागा. जंग सोळाव्या वर्षी बापाशी भांडून घरातून निघून गेलेला, आता भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीत कामाला. जॅनेटला फोटोग्राफी करायची आहे. नाटकात एक माणूस दुकान विकत घ्यायला चांगली रक्कम देऊ करतो, आणि म्हाताऱ्याला पैशांपेक्षा जास्त प्रश्न पडतो तो हा, की हे विकलं तर मी इथे येऊन केलं काय? चोईने पुढे लंडनला २०२४ मध्ये आणि टोरांटोत २०२५ मध्ये हे नाटक पुन्हा केलं तेव्हा तो मुलगा नव्हता, आप्पा झाला होता. पंधराएक वर्षांत काउंटरच्या पलीकडे गेला. क्वीन आणि शेरबोर्न रस्त्यांच्या कोपऱ्यावर ते खरं दुकान आहे, ज्याच्या बाहेर मालिकेचं चित्रीकरण झालं. मी तिथे दोनदा गेलोय. दुसऱ्या वेळी आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी आत काय काय दिसतंय ते नीट पाहून घेतलं आणि विचारलं, “हो उधार खंय बरयता?” उधारी कुठे लिहितो हा? मी म्हटलं, इथे उधारी नसते. ते म्हणाले, मग गिऱ्हाईक परत कशाला येतं?

आता खरा मुद्दा. आप्पांचं वय ७१, गुडघे गेलेले. मी टोरांटोजवळ, बहीण पुण्यात, दोघंही इंजिनिअर, आणि दोघांनीही येणार नाही हे सांगून झालंय. जानेवारी २०२३ मध्ये मोपाच्या विमानतळावरून विमानं सुरू झाली आणि पेडण्यातल्या प्रत्येक गाळ्याला भाव आला. एक दलाल येऊन कॅफे टाकायला जागा मागून गेला. त्याने सांगितलेलं भाडं आप्पांच्या वर्षभराच्या नफ्यापेक्षा जास्त होतं. त्याच वेळी गावातलंच एक राजस्थानी कुटुंबही विचारायला आलं. पंधरा वर्षांपूर्वी आलेलं, बाजारात छोटं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. नवरा-बायको, दोन मुली. पहाटे सहाला दुकान उघडतात, रात्री दहाला बंद करतात. धाकटीचं मराठी इतकं चांगलं, की शाळेच्या नाट्यछटेत तिला नेहमी पुढे करतात.

बाकड्यावरची संसद लगेच दोन भागांत वाटली गेली. एक बाजू म्हणे, आप्पा, भायल्यांना देऊ नका, हळूहळू सगळे पसरे त्यांचेच झालेत. भायले म्हणजे बाहेरचे. गोव्यात हा शब्द सध्या फार सहज वापरला जातो. आणि त्यांची भीती अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही, जमिनींचं जे चाललंय ते सगळ्यांना दिसतंय. पण जमीन घेणारा दिल्लीचा बिल्डर आणि पहाटे सहाला शटर उघडणारा माणूस यांना एकाच शब्दात बसवणं मला पटत नाही. बोलणाऱ्यांपैकी दोघांची मुलं आखातात दुकानांतच नोकरीला आहेत. मी कॅनडात आहे. आम्ही तिथले भायलेच की! किमवर हसत हसत डोळे पुसणारे आपण सगळेच कोणाच्या तरी गल्लीत बाहेरून आलेलो आहोत. मी हे फोनवर आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, तू इतकं भाषण देऊ नको, तुझा तो कोरियन झालायस.

त्यांनी निर्णय त्यांच्या पद्धतीने घेतला. धाकटीच्या बापाला एक महिना आपल्या शेजारी काउंटरवर बसवलं. कोणाला उधार द्यायचं, कोणाला कधीच द्यायचं नाही, कोणाला मागायचं नाही पण ते आपणहून देतील, हे सगळं तोंडी सांगितलं. आई म्हणते, इतकं तर त्यांनी मला चाळीस वर्षांत सांगितलं नाही. करार अकरा महिन्यांचा झालाय, भाडं कॅफेवाल्याने सांगितलं होतं त्याच्या अर्ध्याहून कमी. पाटीवर देवीचं नाव आहे, ते तसंच ठेवतो असं त्या माणसानेच सुचवलं. जुन्या वह्या मात्र आप्पांनी घरी आणल्या. त्यांतली येणी नव्या दुकानदाराने वसूल करायची नाहीत, अशी एकच अट कराराच्या कागदाबाहेर, तोंडी ठरली. बाकडं पसऱ्यासमोरच आहे, आणि सकाळी साडेसातला आप्पा त्यावर असतात.