वळणावरची ट्यूब

चौकसारख्या आतल्या गावांतून शाळेची सहल नागाव-काशिदला गेली, की मुलांना बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या ट्यूबवर बसायचे असते. धोका वळणावर असतो. बोट वळली की ट्यूब बाहेरच्या मोठ्या वर्तुळावर जाते आणि तिचा वेग वाढतो. समजा, वर्तुळाची त्रिज्या १० मीटर आहे. ताशी १८ किलोमीटर वेगाला ४० किलोच्या मुलाला ट्यूबवर टिकण्यासाठी १०० न्यूटन बल लागते. वेग दुप्पट झाला तर ४००, म्हणजे त्याच्या वजनाइतके! हात सुटणारच. म्हणून वेग कमी, वळण मोठे, अंगात जीवरक्षक जाकीट आणि बोटीत मागे लक्ष ठेवणारा दुसरा माणूस हवा. पडलेल्या मुलाला उचलताना इंजिन बंदच हवे; पाण्याखाली पंखा असतो. दोरीला खोडरबर बांधून फिरवा. वेगाबरोबर वाढणारी ओढ मुलांना वर्गातच कळेल.