स्क्रिप्टने पाठवलेल्या ईमेलमधला फोटो गायब का होतो?

पावसाळ्यात खडकवासला धरणातून मुठेत किती क्युसेक पाणी सोडलं जातंय, याकडे सिंहगड रोडवरच्या नदीकाठच्या सोसायट्यांचं बारीक लक्ष असतं. २५ जुलै २०२४ रोजी एकतानगरी परिसरात पाणी शिरलं, तेव्हा वेळेवर इशारा मिळण्याचं महत्त्व पुन्हा दिसलं. समजा, अशा एका सोसायटीने विसर्गाचा आलेख सभासदांना रोज ईमेलने पाठवण्यासाठी पायथॉनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. ईमेल पोहोचला, पण आलेखाच्या जागी रिकामी चौकट! असं का होतं?

फोटो ईमेलमध्ये नसतोच

एचटीएमएल ईमेल हे छोटं वेबपेजच असतं. त्यातला इमेज टॅग फोटोचा फक्त पत्ता सांगतो. तो पत्ता पाठवणाऱ्याच्या कॉम्प्युटरमधल्या फाइलचा असेल, तर वाचणाऱ्याच्या मोबाइलला ती सापडत नाही. फोटो वेबसाइटवर ठेवून लिंक दिली, तरी काही ईमेल ॲप बाहेरचे फोटो आपोआप दाखवत नाहीत. कारण अशा फोटोवरून ईमेल कधी उघडला, हे पाठवणाऱ्याला कळू शकतं.

मग उपाय काय?

फोटो ईमेलसोबतच पाठवायचा. त्यासाठी १९९२ मध्ये मांडलेलं 'माइम' हे मानक वापरतात. मजकूर आणि फोटो हे वेगवेगळे भाग 'मल्टिपार्ट रिलेटेड' या प्रकारात एकत्र बांधले जातात. फोटोला 'कंटेंट-आयडी' म्हणजे एक ओळखनाव मिळतं. इमेज टॅगमध्ये 'सीआयडी', त्यापुढे कोलन आणि तेच नाव लिहायचं. फोटोच्या हेडरमध्ये हे नाव कोनी कंसात असतं, टॅगमध्ये मात्र कंस नको. अनेकांची गाडी इथेच अडते.

साइज किती वाढते?

ईमेलमधून पाठवताना फोटोचं 'बेस-६४' पद्धतीने अक्षरांत रूपांतर होतं. त्यामुळे साइज साधारण एक तृतीयांशाने वाढते. ३०० केबीचा आलेख सुमारे ४०० केबी होतो. म्हणून फोटो आधीच लहान करून घ्यावा.

आकडा फोटोत कोंडू नका

एवढं करूनही एखाद्या ॲपमध्ये फोटो दिसला नाही तर? शिवाय स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना आलेखातला आकडा ऐकू येत नाही. म्हणून किती क्युसेक पाणी सोडलं आणि कधी, हे विषयाच्या ओळीत आणि मजकुरात लिहावं. एचटीएमएलसोबत साध्या मजकुराचा भागही जोडावा. आलेख दिसला नाही तरी चालेल, इशारा मात्र पोहोचायलाच हवा.