एका शब्दाचं नाव, गाव भलतंच

एका शब्दाचं नाव असलेला चित्रपट लोकांच्या तोंडी लगेच बसतो. ‘शोले’, ‘गांधी’, ‘मंथन’, ‘स्वदेस’, ‘सैराट’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. पण एवढ्याशा नावात गाव कुठलं, गोष्ट कुणाची, पैसा कुणी घातला, यातलं काहीच मावत नाही. मग ती जागा ऐकीव माहिती भरून काढते. राळेगणसिद्धीच्या बाबतीत हे फार होतं. गाव बदलण्याची गोष्ट पडद्यावर आली की अनेकांना पारनेर तालुक्यातलं हेच गाव आठवतं. त्यातून भलत्याच चित्रपटाचं नातं राळेगणशी जोडलं जातं आणि ज्या गावांनी, ज्या माणसांनी खरोखर काम केलं, त्यांची नावं मागे पडतात. चित्रपटाची ओळख सांगताना त्याचं गावही बरोबर सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात ‘अण्णा’पासूनच करायला हवी. शशांक उदापूरकर यांनी लिहिलेला, दिग्दर्शित केलेला आणि स्वतःच मुख्य भूमिका केलेला, राळेगणच्या अण्णा हजारे यांच्यावरचा हा चित्रपट ऑक्टोबर २०१६ मध्ये आला. नायक मराठी, दिग्दर्शक मराठी, गाव नगर जिल्ह्यातलं, म्हणून तो मराठी असावा असा समज होतो. तो हिंदी आहे.

त्याहून मोठे गैरसमज खुद्द अण्णांविषयी आहेत. ‘अण्णा’ हे पाळण्यातलं नाव नव्हे. नाव किसन बाबूराव हजारे. त्यांचा जन्मही राळेगणचा नाही, नगर शहराला लागून असलेल्या भिंगारचा. राळेगण हे घराण्याचं मूळ गाव. सैन्यात ते अधिकारी होते असं काही जण सांगतात. प्रत्यक्षात चीन युद्धानंतर १९६३ मध्ये ते भरती झाले ते वाहनचालक म्हणून. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात त्यांच्या ताफ्यावर हल्ला झाला आणि त्यातून ते वाचले. १९७५ मध्ये सैन्यातून निवृत्ती घेऊन ते गावी परतले.

हे १९७५ साल लक्षात ठेवायला हवं. दूरचित्रवाणीवर २०११ चं लोकपालासाठीचं उपोषण पाहून ज्यांना अण्णा माहीत झाले, त्यांना राळेगणचा कायापालटही त्याच काळातला वाटतो. खरं तर दिल्लीतल्या जंतरमंतरवर ते बसले तेव्हा गावातलं पाणलोटाचं काम तीन दशकांहून जुनं होतं. १९९० मध्ये पद्मश्री आणि १९९२ मध्ये पद्मभूषण त्यांना मिळालं ते गावातल्या कामासाठी. लोकपालाचा विषय पुष्कळ नंतरचा.

आणि हे काम एका माणसाच्या इच्छाशक्तीचा चमत्कारही नव्हता. चित्रपटाला एक नायक लागतो, त्यामुळे पडद्यावर तसं दिसतं. राळेगण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. पाऊस वर्षाला साधारण चारशे ते पाचशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. पडलेलं पाणी उतारावरून माती घेऊन शिवाराबाहेर निघून जायचं. विहिरी आटलेल्या, माणसं मजुरीला बाहेर, गावात दारूच्या भट्ट्या. आधी संत यादवबाबांचं मोडकळीला आलेलं देऊळ उभं राहिलं. त्यासाठी अण्णांनी स्वतःचे पैसे घातले आणि गावाने श्रमदान केलं. मग माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम सुरू झालं. वर झाडं आणि चर, मधे बांधबंदिस्ती, ओढ्यावर नालाबंडिंग, खाली पाझर तलाव. पाणी धावू न देता जिरवायचं, म्हणजे ते खालच्या विहिरींना लागतं. यात काही जादू नाही, पण क्रम चुकला की सगळं काम वाया जातं. वरचा डोंगर उघडा ठेवून खाली तलाव बांधला, तर तो दोन-चार पावसाळ्यांत गाळाने भरतो.

ही रीतही राळेगणमध्ये जन्मली नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला होता, आणि अण्णांनी त्यापासून धडा घेतला. राळेगणने जी भर घातली ती शिस्तीची. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान ही पंचसूत्री आज महाराष्ट्रभर म्हटली जाते. ती पाळायची म्हणजे शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या घराने चराई सोडायची आणि उसाचा मोह धरणाऱ्याने कमी पाण्याच्या पिकावर यायचं. दोन-अडीच तासांच्या चित्रपटात गावाने सोसलेलं हे मावणं कठीण आहे, म्हणून ते वेगळं सांगावं लागतं. जाता जाता, राळेगण आणि हिवरे बाजार ही दोन गावं अनेकजण एकच धरतात. हिवरे बाजार नगर तालुक्यात आहे आणि तिथलं काम पोपटराव पवारांच्या पुढाकाराने झालं.

‘सत्याग्रह’ हा अण्णांच्या आंदोलनावरचा चित्रपट, असं २०१३ मध्ये सर्रास म्हटलं गेलं. प्रकाश झा यांच्या या चित्रपटावर त्या काळाची छाया नक्कीच आहे. पण तो कुणाचं चरित्र नाही. अमिताभ बच्चन यांचा द्वारका आनंद हा निवृत्त शिक्षक आहे, अंबिकापूर हे कथेतलं शहर उत्तरेकडचं आणि चित्रीकरण भोपाळचं. यात राळेगण शोधू नये.

अण्णांना ‘दुसरे गांधी’ म्हणायची पद्धत पडली, म्हणून रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’बद्दलही बोलू. १९८२ चा हा चित्रपट पूर्णपणे परक्यांनी केला, असं मानणाऱ्यांनी त्याची श्रेयनामावली वाचावी. बेन किंग्स्ले यांचं मूळ नाव कृष्णा भानजी, वडील गुजराती वंशाचे. कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी पुण्याच्या. ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार त्यांना या भूमिकेसाठी मिळाला. भारताचं पहिलं ऑस्कर सत्यजित राय किंवा ए. आर. रहमान यांचं, हे तर अनेकदा ऐकू येतं. ते कोल्हापूरच्या भानू अथय्या यांचं आहे. १९८३ मध्ये ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह त्यांनी ते घेतलं. राय यांना १९९२ मध्ये मिळालं ते मानद ऑस्कर. माहेरच्या राजोपाध्ये असलेल्या या बाईंनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतलं. पुढे २०१२ मध्ये त्यांनी ऑस्करची ती बाहुली नीट जपली जावी म्हणून अकादमीकडे परत सोपवली. महाराष्ट्राच्या शाळांमध्ये सामान्यज्ञानाच्या प्रश्नाला त्यांचं नाव उत्तर म्हणून यायला हवं.

ऑस्करचाच आणखी एक गोंधळ ‘श्वास’बद्दल आहे. संदीप सावंत यांच्या या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. मराठीला ते ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मिळत होतं. २००४ मध्ये भारताने तो ऑस्करसाठी पाठवलाही. पण पाठवणं वेगळं आणि नामांकन वेगळं. अंतिम पाच चित्रपटांत ‘श्वास’ नव्हता.

‘शोले’चं थोडक्यात. तो भारतातला पहिला ७० मिलिमीटरचा चित्रपट नाही. तो मान १९६७ च्या ‘अराउंड द वर्ल्ड’चा. ‘शोले’ ३५ मिलिमीटरवर चित्रित करून मोठ्या पट्टीवर नेला. रामगढ उत्तरेत शोधू नये, ते कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत उभं केलं होतं. आणि एवढ्या गाजलेल्या चित्रपटाला त्या वर्षी फिल्मफेअर पुरस्कार एकच मिळाला, संकलनाचा. तो एम. एस. शिंदे यांचा.

गावाच्या चित्रपटांकडे परत येताना ‘मंथन’वर थांबावंच लागतं. श्याम बेनेगल यांच्या १९७६ च्या या चित्रपटाला गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, ही गोष्ट इतकी सुंदर आहे की दंतकथा वाटते. पण ती खरी आहे. सहकारी दूध महासंघाच्या सभासदांनी दुधाच्या पैशातून ते दोन रुपये दिले आणि दहा लाखांचं भांडवल उभं राहिलं. गैरसमज आहेत ते पुढचे. हा वर्गीस कुरियन यांचा जीवनपट समजला जातो. कुरियन यांचं नाव कथेच्या श्रेयात आहे, चळवळही त्यांचीच. पण गिरीश कार्नाड यांनी उभा केलेला डॉ. राव हा जनावरांचा डॉक्टर आहे आणि कुरियन होते अभियंते. चित्रीकरण आणंदला झालं असंही वाटतं. ते झालं राजकोटजवळच्या सांगणवा या सौराष्ट्रातल्या गावात. आणि ज्याचा मराठी वाचकाला अभिमान वाटावा, ते फारसं कुणी सांगतच नाही: ‘मंथन’ची पटकथा विजय तेंडुलकरांची आहे आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बिंदू ही स्मिता पाटील. गावातल्या जातींच्या उतरंडीत सहकाराचं काय होतं, हे त्या पटकथेने जितकं स्पष्ट दाखवलं, तितकं नंतरच्या फार थोड्या चित्रपटांनी दाखवलं. २०२४ मध्ये त्याची नव्याने जतन केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली.

‘स्वदेस’बाबतीत तर तीन गावांची सरमिसळ होते. अमेरिकेतून परतलेला मोहन भार्गव गावकऱ्यांना एकत्र करून वीज आणतो. श्रमदान, पंचायत, पाणी हे सगळं पाहून राळेगण आठवणं स्वाभाविक आहे. कथेतलं चरणपूर उत्तर प्रदेशात आहे. पडद्यावर दिसतं ते सातारा जिल्ह्यातलं, वाईजवळचं मेणवली, नाना फडणवीसांच्या वाड्याचं आणि कृष्णेवरच्या घाटाचं. आणि विजेची गोष्ट ज्या गावाच्या कामावरून सुचली असं सांगितलं जातं, ते तिसरंच. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातलं बिलगाव. नर्मदेच्या खोऱ्यातल्या या आदिवासी गावाने ओढ्याच्या धबधब्यावर लहानसा जलविद्युत प्रकल्प उभारला. रवी कुचिमंची आणि अरविंदा पिल्ललमर्री या अमेरिकेतून परतलेल्या दांपत्याचा त्यात सहभाग होता. केरळातले तंत्रज्ञ आले, नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते होते, आणि खोदाई-बांधकामाला गावकऱ्यांचे हात. २००३ मध्ये तिथे दिवे लागले.

चित्रपटात दिवा लागतो आणि गोष्ट पुढे सरकते. बिलगावच्या गोष्टीचा शेवट तसा नाही. २००६ च्या पुरात, सरदार सरोवराच्या फुगवट्याने, तो प्रकल्प पाण्याखाली गेला. ‘स्वदेस’ पाहून डोळे भरून येणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं, असं मला वाटतं.

‘स्वदेस’मधलं नासाचं काम मात्र अनेकांना बनावट वाटतं, आणि तिथे चित्रपट खरा आहे. चित्रीकरण केनेडी अंतराळ केंद्रात झालं. मोहन ज्यावर काम करतो तो जगभरचा पाऊस अवकाशातून मोजण्याचा प्रकल्प प्रत्यक्षात होता. त्याचा मुख्य उपग्रह फेब्रुवारी २०१४ मध्ये जपानमधून सुटला.

नगर जिल्ह्याचे स्वतःचे चित्रपट कुठले, असं कुणी विचारलं तर अर्थात ‘ख्वाडा’ आधी. भाऊराव कऱ्हाडे श्रीगोंदा तालुक्यातले. वनखात्याने जमीन घेतल्यावर भटकत राहणाऱ्या धनगर कुटुंबाची ही गोष्ट करायला त्यांनी वडिलोपार्जित शेतजमीन विकली. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या चित्रपटामागे भक्कम निर्माता असतो, हा समज इथे साफ खोटा ठरतो. २०१५ च्या पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, आणि तरीही तो चित्रपटगृहात पोचायला ऑक्टोबर उजाडला.

‘सैराट’ हा नागराज मंजुळे यांचा पहिला चित्रपट मानणारे अजून भेटतात. त्याआधी ‘फँड्री’ होता आणि त्याही आधी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट. हा लघुपट घडला तो नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात ते संज्ञापन शिकत असताना. करमाळ्याच्या जेऊरचा हा मुलगा कॅमेरा हातात धरायला नगरला शिकला. ‘पिस्तुल्या’तला सूरज पवार पुढे ‘फँड्री’त आणि ‘सैराट’मध्येही दिसतो. ‘सैराट’चं संगीत गावच्या बँजो पार्टीचं वाटतं खरं, पण त्यातले सिम्फनीचे भाग अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले आहेत. ‘ख्वाडा’त उलट घडलं. तिथे मेंढरांचा, कुत्र्यांचा, माळावरच्या वाऱ्याचा आवाज जागेवरच टिपला, आणि त्या स्थळध्वनिमुद्रणाला दुसरा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.