माहेरच्या नांवानें आलेली हांक

आमच्या थोरल्या वहिनींचें माहेरचें नांव घरांतील मुलांस विचारलें, तर एकासही सांगतां येणार नाहीं. विवाहसमयीं ताटांतील तांदुळांवर नवें नांव लिहिलें गेलें आणि जुनें त्याच दिवशीं मावळलें. गेल्या भाद्रपदांत एका दुपारीं मात्र फोन वाजला, आणि पलीकडील गृहस्थानें त्यांस नेमकी त्या जुन्या नांवानें हांक मारली. आपण भविष्य निर्वाह निधीच्या कचेरींतून बोलत आहों व आपल्या नांवें २ लक्ष ८६ हजार रुपये पडून आहेत, असें त्यानें मोठ्या अदबीनें सांगितलें.

गोष्ट सर्वस्वी खोटी असती, तर वहिनी फसल्या नसत्या. १९७५ पासून १९८१ पर्यंत, म्हणजे लग्न होईतों, त्या ठाण्याच्या एका औषधांच्या कारखान्यांत टायपिस्ट होत्या. दरमहा पगारांतून फंड कापला जात असे. पुढें संसार आला, कारखाना बंद पडला, पैसे काढावयाचे राहून गेले. भामट्यानें हें अर्धें सत्य हातीं धरूनच घरांत पाऊल टाकलें. 'बंद पडलेला यूएएन क्रमांक चालू करण्याचें शुल्क' म्हणून त्यानें ६,२०० रुपये मागितले. वहिनींनीं ते नातवाकरवीं पाठविले. दुसरे दिवशीं करापोटीं १८,००० रुपयांची मागणी आली, आणि सायंकाळीं पांचापूर्वीं न भरल्यास सर्व रक्कम सरकारजमा होईल, अशी तंबीही आली. तेव्हां कोठें त्या मजकडे आल्या. "भाऊजी, घरांत कोणाला सांगूं नका," हें त्यांचें पहिलें वाक्य.

गेलेल्या रुपयांहून हें वाक्य मला अधिक लागलें. स्वतःच्या कमाईचा पैसा उतारवयांत हातीं यावा आणि तो एकदम सर्वांपुढें ठेवून चकित करावें, ही त्यांची हौस. आणि फसल्याचें कळल्यावर तितकीच लाज. दोन्ही भावना माणसास गप्प बसवितात, आणि भामट्यास तेंच हवें असतें. भरल्या घरांत एखादें वडील माणूस फोन घेऊन गच्चीवर जाऊं लागलें, तर इतरांनीं रागें न भरतां चौकशी करावी.

त्या गृहस्थाच्या बोलण्यांत एक ढळढळीत चूक होती. यूएएन, म्हणजे सभासदाचा बारा आंकडी कायमचा क्रमांक, हा २०१४ सालीं सुरू झाला. १९८१ मध्यें नोकरी सोडलेल्या वहिनींस तो कधीं मिळालाच नव्हता. मग बंद कशाचा पडणार? त्यानें मोबाईलवर सिंहमुद्रेचें एक पत्रही धाडलें होतें. मास्तरकीच्या संवयीनें मीं त्यांतील शुद्धलेखन तपासलें. चुका सांपडल्या, पण हल्ली यंत्राच्या साहाय्यानें निर्दोष पत्रेंही तयार होतात, तेव्हां या कसोटीवर कोणी विसंबूं नये. आपलें जुनें नांव वा जन्मतारीख ठाऊक असणें हाही अधिकाराचा पुरावा नव्हे. असे तपशील आपणच शेंकडों ठिकाणीं लिहून दिलेले असतात.

खरी कचेरी दावा निकालांत काढण्यासाठीं एक पैही शुल्क घेत नाहीं. कर लागत असल्यास तो द्यावयाच्या रकमेंतूनच कापला जातो, आधीं भरून मागत नाहींत. आधार, पॅन, बँकखातें किंवा ओटीपी आम्ही फोनवर विचारीत नाहीं, असें या संस्थेनें वारंवार जाहीर केलें आहे. आणि 'आज पांचापूर्वीं' अशी मुदत कोणत्याच कायद्यांत नाहीं. आपल्या पैशाचा शोध आपणच घ्यावयाचा असतो. ज्या फोननें तो आयता घरीं चालून येतो, तो तेथेंच ठेवावा.

पैसे गेलेच असतील, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. मिठाच्या सत्याग्रहाचें साल, म्हणून लक्षांत राहतें. तांतडी केल्यास रक्कम वाटेंत अडवितां येते. आम्हांस एक दिवसाचा उशीर झाला. ते ६,२०० रुपये अद्याप परत आले नाहींत.

खऱ्या पैशाचा माग मात्र लागला. वहिनींच्या ट्रंकेंत लग्नाच्या याद्यांखालीं फंडाची एक जुनी वार्षिक चिठ्ठी सांपडली. तिच्यावर 'एम्एच्' या अक्षरांनीं आरंभ होणारा खातेक्रमांक होता. ती नसती, तर कारखान्याचें नांव, नोकरीचीं वर्षें आणि नेमणुकीचें पत्र यांवरून शोध करावा लागता. जानेवारी २०२३ पासून दरमहा २७ तारखेस जिल्ह्याजिल्ह्यांतून 'निधि आपके निकट' नांवाचा मेळावा भरतो. आम्ही तेथें गेलों. कारखाना बंद असला म्हणून हक्क बुडत नाहीं, हें तेथील अधिकाऱ्यानें शांतपणें समजावून दिलें. मुख्य अडचण निघाली ती नांवाची: खातें माहेरच्या नांवावर, आधार सासरच्या. त्याकरितां विवाहनोंदणीचा दाखला जोडावा लागला. ज्यांच्या घरीं सुनांचीं नांवें बदललीं आहेत, त्यांनीं हा दाखला आजच शोधून ठेवावा. (बँकांतील विस्मृत ठेवींची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठीं रिझर्व्ह बँकेनें २०२३ सालीं 'उद्गम' हें संकेतस्थळ काढलें. तेथें केवळ शोध लागतो. पैसे त्या त्या बँकेंतच मागावयाचे.)

अर्ज दाखल झाला आहे. रक्कम किती निघेल तें यथाकाल कळेल. तो भरतांना 'पूर्वींचें नांव' या रकान्याशीं वहिनी थांबल्या. रद्दी कागदावर त्यांनीं तें तीन वेळां गिरवून पाहिलें, मग रकान्यांत लिहिलें. धाकटी नात शेजारींच होती. "आजी, ही कोण?" असें तिनें विचारलें.